पाखरांचा भोंगा

आश्विन अर्धा सरला की मी संध्याकाळी बांधावर जाऊन बसते. गेली कित्येक वर्षं बसते. शेजारणी म्हणतात, हिला घरात करमत नाही. घरात मला छान करमतं. पण या दिवसांत खाडीवर जे घडतं ते घरात बसून दिसत नाही, एवढंच.

आमचं गाव पेडण्यात, शापोऱ्याच्या खाडीकाठी. समुद्र इथून चालत अर्ध्या तासावर. एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाजनं, म्हणजे सखल शेतं, आणि दोघांना वेगळं ठेवणारा हा मातीचा बांध. बांधात एके जागी मानस आहे. मानस म्हणजे पाण्याचं लाकडी दार. सुकती लागली की खाजनातलं पाणी त्याला आतून ढकलतं आणि ते उघडतं. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि ते आपोआप मिटतं. माणसानं फक्त लक्ष ठेवायचं.

त्या दिवसांतलं ऊन मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. ते पिकल्या भातावरून पाण्यावर जातं, पाण्यावरून परत भातावर येतं, आणि मग कुठला पिवळा रंग कुणाचा ते सांगता येत नाही. वारा पडलेला असतो. पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल तर आवाज मागाहून येतो, कपडा आधीच वर गेलेला असतो. अशा वेळी डोळे मिटलेत की उघडे आहेत याचं भान राहत नाही. आणि मग समुद्राच्या बाजूनं, पाण्याला अगदी धरून, एक पांढरं काहीतरी येतं. पंख फारसे हलत नाहीत. मागून दुसरं, मग पाच-सहा, मग मोजायचं सोडून द्यावं लागतं. पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात. आमच्या घरात त्यांना भोंगे म्हणत.

हे नाव बाबांनी ठेवलेलं. पहिले कुरव दिसले की ते अंगणात येऊन आईला हाक मारून सांगत, "भोंगो झालो गो!" म्हणजे कामावर बोलावणारा भोंगा वाजला. आतून आईच्या भांड्यांचा आवाज तेवढा जरा वाढे.

बाबा खनिज वाहणाऱ्या बार्जीवर खलाशी होते. मुक्तीनंतर खाणींची कामं वाढली, डिचोलीच्या बाजूला डोंगर लाल व्हायला लागले, आणि ती लाल माती नदीतून मुरगावच्या बंदरात उभ्या असलेल्या आगबोटींपर्यंत न्यायला बार्जी लागल्या. पावसात समुद्र खवळला की बंदराचं काम थांबे. मग बाबा घरी. जूनपासून दिवाळीपर्यंत ते आमचे. लावणी करत, बांधाला माती लावत, छपराचे नळे परतत, मला पाठुंगळी घेऊन चिखलातून शाळेत सोडत. आणि कुरव आले की चार-आठ दिवसांत कपड्यांची पिशवी भरून निघून जात, ते थेट वैशाखापर्यंत. मधे एखाददुसऱ्या दिवसासाठी येत, पण तो पाहुणाच. सकाळी पोदेराच्या सायकलचा पोंय पोंय भोंपू वाजला की पाव घ्यायला बाहेर जाणारा, पाव दोन जास्त घेणारा आणि दुपारच्या बसनं वास्कोला परत जाणारा पाहुणा.

आता माझ्यासारख्या सात-आठ वर्षांच्या पोरीनं यावरून काय समजायचं? बार्ज मी पाहिलेली नव्हती, बंदर ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की पाखरं येतात आणि बाबाला घेऊन जातात. मला त्या पाखरांचा राग होता. साधासुधा नव्हे, डोक्यात तिडीक जाणारा.

मजा म्हणजे त्यांच्याकडे बघायला मला शिकवलं ते बाबांनीच. पिशवी भरायच्या आधी एक संध्याकाळ ते मला खाडीच्या तोंडाशी घेऊन जात. मोरजीच्या रेतीत आम्ही दोघं पोटावर पालथे पडून राहायचो. समोर ओल्या रेतीवर हजार पायांची धावाधाव. लाट मागे गेली की बुटकी करडी पाखरं तिच्या मागे धावत जात, दोन टोचे मारत, लाट परतली की पुढे पळत सुटत. पाय भिजू द्यायचे नाहीत असा त्यांचा हट्ट. बाबा त्यांना धावरे म्हणत. एक मोठं, तपकिरी, खाली वाकलेल्या लांब चोचीचं पाखरू एकटंच फिरे, ते वाकडचोची. त्याची हाक लांबून येई, वर चढत चढत जाणारी, आणि शेवटी थरथरून विरणारी. ती ऐकली की बाबा बोलणं मधेच थांबवत.

"खंयसून येतत रे बाबा ही?" मी विचारलं होतं.

"लांबसून. थंय बर्फ पडता."

"मगे थंयच कित्याक रवनत नाय?"

"पोटाक व्हया मां, बाय," ते म्हणाले. "पोटाक मिळता थंय जावचा लागता."

मग त्यांनी कुरवांची खूण दाखवली. येतात तेव्हा डोकं पांढरं, फक्त कानामागे काजळाचा एक ठिपका, दृष्ट लागू नये म्हणून आया लावतात तसा. फाल्गुन-चैत्रात डोकं हळूहळू काळपट तपकिरी होत जातं, टोपी चढते. टोपी पुरती चढली की ते उडून जातात. "तेंका टोपी चढली की समज, बाबा आता येतलो." त्यामुळे वर्षातून दोनदा मी त्यांना बघत असे. एकदा शिव्या देत आणि एकदा लाडीगोडी लावत. शाळेतून येताना चैत्रातल्या उन्हात बांधावर उभी राहून मी त्यांची डोकी बघायची आणि घरी जाऊन आईला सांगायची, आज सगळ्यांची अर्धी टोपी झाली.

राग खरा पेटला तो नार्व्याला. माझी मावशी डिचोलीतल्या नार्व्यात दिलेली. तिच्याकडे देवळातल्या उत्सवाला आई मला घेऊन गेली होती. दुपारी मावशीच्या परसात, नदीच्या काठाला, मी एकटीच खेळत होते. ऊन डोळ्यांवर येत होतं, नदी इतकी सावकाश वाहत होती की थांबल्यासारखी वाटे. तेवढ्यात घुरघुर आली आणि वळणावरून एक बार्ज निघाली. लाल मातीनं शिगोशीग भरलेली, पाण्यात जवळजवळ बुडालेली. मागच्या अंगाला एक माणूस उकिडवा बसून मासे साफ करत होता. बसण्याची ढब मी ओळखली. बाबा! आणि त्यांच्या डोक्यावर कुरवांचं भलंथोरलं छत्र. बाबा माशांची आतडी वर उडवत होते आणि कुरव ती वरच्या वर झेलत होते. बाबा हसत होते. काहीतरी बोलतही होते त्यांच्याशी. मी ओरडले, दोन्ही हात हलवले. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? बार्ज गेली, लाटा काठाला लागून निवल्या, आणि नदी पुन्हा थांबल्यासारखी झाली.

म्हणजे हा तिकडे यांच्याशी खेळतो तर. आम्हाला सोडून. मी मावशीच्या घरी त्या दिवशी जेवले नाही. कारण कुणालाच सांगितलं नाही. उत्सवात पोर दमलं, असं ठरलं.

पुढच्या आश्विनात मी तयारीत होते. पहिले कुरव दिसले त्या दिवशी बाबांच्या आधी मीच बांधावर पोचले, डबा बडवला, ढेकळं मारली, घसा बसेपर्यंत ओरडले. पाखरं उडायची, एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा तिथेच बसायची. मानशीवर राखण करणारे म्हातारे काका होते. त्यांची झोपडी बांधावरच. ते विडी ओढत माझी मौज बघत होते.

"कित्याक दमतं गो चेडवा? ती अशी जावची नाय."

"मगे कशी जातली?"

"पाणी वाढला की जातत. तेंका पायाच्या घोट्यापुरतो चिखल व्हयो. खोल पाण्यात तेंचो काय उपेग?"

काका बोलून गेले. मी ते गाठीला बांधून घरी नेलं.

तोवर बाबांचा भोंगा झालाच होता. दिवाळीतला पाडवा आटपून निघायचं ठरलं होतं. त्या वर्षी आई नेहमीपेक्षा जास्त गप्प होती, कारण बाबांना बार्जीच्या सुकाणावर घेणार असं मास्तरनं, म्हणजे बार्जीच्या कप्तानानं, सांगितलं होतं, आणि सुकाणावर गेलेल्या माणसाला मधे घरी यायला मिळणं आणखीच कठीण. मी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकलं.

वरच्या खाजनांची कापणी झाली होती. तिथे चिखल, कापलेल्या भाताचे खुंट आणि पाखरं. खालच्या खाजनांत भात अजून उभं होतं, पिकून वाकलेलं, दिवाळीनंतर कापायचं. हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहत होते, पण डोक्यात पाखरांशिवाय काही नव्हतं. आता विचार करते तेव्हा माझंच मला नवल वाटतं. एवढं भात मला दिसलं नाही?

नरकचतुर्दशीची दुपार. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे अंगणात कारीट फोडायचं आणि मग घरोघर जाऊन पोहे खायचे. दुधातले, ताकातले, गुळातले, बटाट्याचे. दहा घरचे पोहे पोटात घेऊन गाव दुपारी आडवं झालं होतं. मानशीवरचे काकासुद्धा लेकीकडे गेले होते.

आमच्या घराच्या मागल्या दाराला एक फुटका वरवंटा होता, अर्धाच उरलेला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो फटीत लावत. आई म्हणायची, "फातर लाव गो दाराक." फातर म्हणजे दगड. तो लावला की केवढाही वारा सुटो, दार मिटत नसे. मी तो उचलला, झग्याच्या ओच्यात घेतला, आणि पोटाशी धरून बांधावर गेले. सुकती चालू होती. मानशीचं दार उघडं होतं, खाजनातलं पाणी खळखळत खाडीत जात होतं. मी पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि दार आणि चौकट यांच्या फटीत फातर बसवला. छान बसला. घरच्या दाराला बसायचा तसाच. मग मी घरी येऊन हातपाय धुतले आणि आईच्या कुशीत शिरून झोपले.

अमावास्येचं उधाण असतं हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी उठले ती आरडाओरड्यानं. सगळा गाव बांधावर. मी धावत गेले आणि बघतच राहिले. खाजन नव्हतंच. बांधापासून थेट वाडीपर्यंत पाणी, त्यात कोवळं आभाळ, आणि मधे मधे भाताची टोकं बाहेर आलेली. चिखल गेला होता, धावरे गेले होते, वाकडचोची गेला होता. काका म्हणाले होते तसंच. पण पाण्यावर बदकं उतरली होती. मी बदकं तोवर अशी कधी पाहिली नव्हती. शेकड्यांनी. सूर्य वर येत होता आणि ती त्याच्या वाटेतच पोहत होती, एकेकाच्या मागे सोनेरी रेघ. काहींच्या शेपटीला लांब सुईसारखं टोक. ती आपसात हळू आवाजात बोलत होती, भरल्या घरात पाहुणे बोलतात तशी. त्या क्षणी मी सगळं विसरले, बाबा, फातर, भात, सगळं. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि बाजूला एक बाई कपाळाला हात लावून रडत होती.

बाबा पाण्यात उतरलेले दिसले. कमरेला दोरी बांधून ते मानशीपाशी बुडी मारत होते. एकदा वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. बराच वेळ गेला. मग वर येऊन ओरडले, "ओंडको! ओंडको अडकललो! गेलो व्हावन!" लोकांनी खाडीत पाहिलं, ओढीत एक ओंडका खरंच दूर जाताना दिसत होता, किंवा दिसतोय असं सगळ्यांना वाटलं. दार धाडकन मिटलं.

मानशीवरच्या काकांवर लोक तुटून पडले होते. राखण सोडून पोहे खायला गेला म्हणून. बाबा ओल्या अंगानं मधे उभे राहिले आणि म्हणाले की उधाणात ओंडका आला तर दहा माणसं राखणीला असती तरी काय करणार होती? काकांची राखण टिकली. ते आमच्या अंगणात बसून लहान पोरासारखे रडले, बाबांचे हात धरून. मी खांबाआडून बघत होते.

मी त्या ओंडक्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता. फातर बसवला होता खरा, पण पाणी ओंडक्यामुळे आलं, असं मी स्वतःला सांगितलं.

मग सुरू झाली कापणी. सुकतीला पाणी उतरे तेवढ्या वेळात कापायचं, मांडीभर पाण्यात उभं राहून. कापलेल्या पेंढ्या होडीत घालायच्या, होडी ओढत वाडीला न्यायची. ज्यांची शेतं वर होती तेही उतरले. वास्कोला जाणारी बस गेली, बाबा गेले नाहीत. पाडवा झाला, भाऊबीज झाली, बाबा घरीच. मी पेंढ्या डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे मागे चालत असे. रस्त्यावर, देवळाच्या अंगणात, जिथे कोरडी जागा मिळेल तिथे भात पसरलेलं. संध्याकाळी बाबा बांधावर टेकत, मी त्यांना चिकटून बसे, आणि आम्ही बदकं बघत असू. ती आमच्यासमोर दिवसेंदिवस कमी होत गेली, पाणी उतरत गेलं तशी. मग चिखल वर आला आणि धावरे परतले. त्यांना हुसकायला माझ्या तोंडून एकदाही हुर्र निघालं नाही. मला ती बसायला हवी होती. बाबा आणि पाखरं एकाच वेळी मला मिळाली होती, आणि हे चोरीचं आहे हे मला ठाऊक होतं.

बारा दिवस बाबा राहिले. बाराव्या दिवशी शेवटची होडी आली. तोवर बार्ज निघून गेली होती, सुकाणावर दुसरा माणूस गेला होता. बाबा पुन्हा खलाशी म्हणूनच चढले. सुकाण त्यांच्या हातात यायला पुढे आणखी दोन हंगाम जावे लागले. या गोष्टीचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर कधी केला नाही. त्या वर्षीच्या तांदळाला मात्र खारट चव होती. आई पेज वाढू लागली की बाबा म्हणत, "मीठ नको गो, हेच्यात असा." आणि माझ्याकडे न बघता पेज ओरपत.

बाबा बार्जीवर निघून गेले त्या दिवशी मी मागल्या दारी गेले तर फुटका वरवंटा दाराला लावलेला होता. धुतलेला, नेहमीच्या जागी.

मी तिथेच बसले. कुणाला तरी कळलं होतं. आईला? सुकतीला भांडी घासायला गेली असताना तिनं पाहिला असेल, उचलून आणला असेल. काकांना? मी विचारलं नाही. आधी भीती होती, मग लाज, आणि नंतर इतकी वर्षं गेली की विचारायला माणसंच उरली नाहीत. काका गेले. मी शिकले, गावच्याच शाळेत बाई झाले, शाळेच्या कपाटात पाखरांचं पुस्तक सापडलं तेव्हा धावऱ्यांना चिखल्या आणि तुतवार म्हणतात, सुईच्या शेपटीच्या बदकाला तलवार बदक म्हणतात हे वाचलं. हल्ली मोरजीला लांब नळीचे कॅमेरे घेऊन माणसं येतात, मला आजी समजून नावं विचारतात. मी घरची नावं सांगते. ती वहीत लिहून घेतात.

आई गेली, आणि पुढे खाणीही बंद पडल्या. बार्जी नदीत जागच्या जागी गंजत राहिल्या. बाबा तोवर केव्हाच थकून घरी आले होते, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुरव आले तरी बाबा जात नव्हते. पहिल्या वर्षी ते बांधावर अस्वस्थ होते. सवयीनं पिशवी शोधत असावेत. मग रुळले. दहा-बारा आश्विन आम्ही दोघांनी शेजारी बसून काढले. फारसं बोलत नसू. वाकडचोचीची हाक आली की ते हात वर करत, मी थांबत असे. मला वाटायचं, आता हिशेब सरळ झाला. आता ही पाखरं फक्त येतात, कुणाला नेत नाहीत.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला लागले. गणपतीपासून खाणं कमी झालं, मग पेजेवर आले, मग पेजही दोन घोट. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. दिवसभर डोळे मिटून असत. संध्याकाळी मात्र, उन्हाचा कवडसा भिंतीवरून उतरला की डोळे उघडून विचारत, "पाखरां इली गो?"

"अजून नाय, बाबा."

खरोखरच आली नव्हती. चार-पाच दिवस मी खरं बोलले. सहाव्या दिवशी बांधावर गेले आणि पाण्याला धरून ते पांढरं काहीतरी येताना दिसलं. मी मागे वळून घराकडे पाहिलं. साठीला आलेली बाई मी, शाळेतून निवृत्त झालेली, चार पोरांना शहाणपण शिकवलेली. पण घरात शिरले तेव्हा मी आठ वर्षांची होते.

"पाखरां इली गो?"

"नाय, बाबा. औंदा उशीर दिसता."

त्यांच्या खोलीचं जनेल, म्हणजे खिडकी, खाडीकडे उघडतं. त्याची कडी कधीची मोडलेली. मी जनेल मिटलं आणि ते उघडू नये म्हणून मागल्या दाराचा फातर आणून टेकवला. बाहेर गार वारा असतो, म्हटलं. मग रोज तेच. ऊन वर आल्यावर उजेडाला फातर सरकवायचा, संध्याकाळी पाखरं बोलायला लागायच्या आधी परत लावायचा. दुपारी नळावर बायका मोठ्यानं म्हणाल्या, यंदा किती आलीत गं, तर मी त्यांना गप्प केलं. रोज संध्याकाळी ते विचारत, मी नाही म्हणत असे. ते मान हलवून डोळे मिटत. आणि रोज सकाळी ते असत. माझी खात्री पटत चालली की हे जमतंय.

एका संध्याकाळी वारा अगदी पडला होता. मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. जनेल मिटलेलं होतं, तरी ती हाक आत आली. वर चढत चढत गेली, थरथरली, विरली. माझा हात थांबला. त्यांचा हात चादरीवरून दोन बोटं वर उठला.

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "किती दिस झाले इल्याक?"

खोटं बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. "बारा."

ते हसले. ओठांच्या कोपऱ्यातच, पण हसले. "तेव्वा पण बाराच दिस रवललंय."

मला रडू आलं. मी त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. तेलाचा वास येत होता आणि पावलं गार होती. त्यांनी हाक मारली तेव्हा आवाज अगदी पूर्वीचा होता, चिखलातून शाळेत नेताना पाठीवरच्या पोरीशी बोलायचे तसा.

"बाय, जनेलाचो फातर काढ. मानशीतलो पण मीच काढललो."

मी उठले. फातर बाजूला केला, दोन्ही झडपा उघडल्या. बाहेर भात पिकलं होतं, सुकती लागली होती, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर सगळी जणं आपापल्या कामाला लागली होती.

"भोंगो झालो, बाबा," मी म्हटलं.